वन्य सॅमनची हंगामी मोजणी : नदीवरच्या कामाची पद्धत

वन्य सॅमनच्या मोजणीत हाती लागलेल्या माशांची बेरीज करणे हा सर्वांत सोपा भाग असतो. अवघड असतो तो निसटलेल्या माशांचा हिशेब: गढूळ पाण्यातून रात्री निघून गेलेले, डोहाच्या तळाशी बसून राहिलेले, किंवा पथक नदीवर पोचण्याच्या आदल्या आठवड्यातच वर चढलेले मासे किती असतील याचा. मोजणीची प्रत्येक पद्धत कुठे ना कुठे आंधळी असते. ती नेमकी कुठे आंधळी आहे हे ओळखून तेवढ्या भागाचा अंदाज काढता येईल अशा नोंदी ठेवणे, हे या कामाचे खरे कौशल्य आहे. पुढील मजकूर प्रथमच हंगामी कामावर जाणाऱ्यांसाठी आणि छोट्या पथकाची आखणी करणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

प्रश्न आधी, सापळा नंतर

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. त्यामुळे नदीवर त्याला गाठण्याच्या संधी वर्षातून मोजक्याच येतात. वसंत ऋतूत स्मोल्ट, म्हणजे समुद्रात उतरायला तयार झालेली चंदेरी पिल्ले, खाली येतात. उन्हाळ्यात नदीतच राहिलेली लहान पिल्ले मोजता येतात. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत प्रौढ मासे वर चढतात. आणि शरदाच्या अखेरीस किंवा हिवाळ्याच्या तोंडावर खडीत घरटी होतात. ब्रिटनच्या नद्यांत अटलांटिक सॅमनचे स्मोल्ट प्रामुख्याने एप्रिल आणि मे महिन्यांत उतरतात, तर अलास्कातील ब्रिस्टल बे परिसरात सॉकाय सॅमनची परतीची लाट जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत अशी काही कोसळते की तीन आठवडे पथकाला झोपेचा हिशेब ठेवता येत नाही.

या चारही टप्प्यांवर एकाच वेळी काम करण्याइतकी माणसे फारच थोड्या पथकांकडे असतात. म्हणून आधी प्रश्न पक्का करावा. किती प्रौढ परतले आणि ते नदीला पुरेसे आहेत का, हे जाणून घ्यायचे असेल तर परतीची मोजणी करावी. मासे नदीत कमी होत आहेत की समुद्रात, हा प्रश्न असेल तर खाली जाणारे स्मोल्ट आणि वर येणारे प्रौढ हे दोन्ही एकाच नदीवर मोजावे लागतात. त्याला पर्याय नाही. स्कॉटलंडमधील गर्नक बर्न या छोट्या ओढ्यावर १९६६ पासून वर चढणारे आणि खाली उतरणारे असे दोन्ही मासे सापळ्यात मोजले जात आहेत, आणि त्या ओढ्याचे आकडे त्याच्या आकाराच्या मानाने इतके वजनदार ठरले ते याच कारणाने.

जातीचे चक्रही आधीच माहीत असावे. पिंक सॅमनचे आयुष्य ठरलेल्या दोन वर्षांचे असते, त्यामुळे एकाच नदीतले सम आणि विषम वर्षांतले मासे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. या वर्षीच्या पिंकची तुलना गेल्या वर्षीच्या पिंकशी करणे निरर्थक असते. कॅनडातील फ्रेझर नदीच्या खोऱ्यात ॲडम्स नदीवरचे सॉकाय दर चौथ्या वर्षी भरघोस येतात, २०१४, २०१८, २०२२ या क्रमाने. मधल्या वर्षांतली घट पाहून घाबरण्याचे कारण नसते.

पाण्यात पाय घालण्यापूर्वी

परवान्याशिवाय सॅमनला हात लावता येत नाही, आणि परवाना मिळायला कित्येक महिने लागू शकतात. अमेरिकेत संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली नोंद असलेल्या सॅमनच्या कामासाठी वेगळी परवानगी लागते. ब्रिटनमध्ये माशाच्या शरीरात टॅग घालण्यासारख्या क्रिया १९८६ च्या प्राण्यांवरील वैज्ञानिक प्रयोगांच्या कायद्यात येऊ शकतात. परवान्यात किती मासे हाताळता येतील आणि किती मेले तर काम थांबवायचे, हे आकडे लिहिलेले असतात. ते आकडे पथकप्रमुखाच्या फायलीत न ठेवता रोजच्या नोंदपत्रकाच्या डोक्यावर छापून घ्यावेत.

साहित्य एका नदीतून दुसऱ्या नदीत नेताना निर्जंतुक करणे आणि पूर्ण वाळवणे हा नियम मोडू नये. नॉर्वेत १९७० च्या दशकात आलेला जायरोडॅक्टिलस सॅलॅरिस हा परजीवी पिल्लांच्या त्वचेवर चिकटून जगतो, आणि त्याने कित्येक नद्यांतील सॅमन जवळपास संपवले. ओल्या जाळ्यातून, बादलीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातून असे पाहुणे सहज प्रवास करतात. पाणबुटांचे नमद्याचे तळवे उशिरा वाळतात, म्हणूनच अलास्काने २०१२ मध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीत त्यांच्यावर बंदी घातली होती. रबरी तळव्यांना धातूच्या खिळ्या लावून घेणे हा चांगला पर्याय आहे.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात पण ठामपणे सांगतो. एकट्याने पाण्यात उतरू नये. पाणबुटांच्या कमरेला पट्टा आवळलेला असावा आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असावे. पाणी चढते आहे की उतरते आहे हे काठावरच्या पट्टीवर पाहिल्याशिवाय नदी ओलांडू नये. अस्वलांच्या प्रदेशात मेलेले मासे मोजताना मोठ्याने बोलत चालावे आणि अस्वलाला रोखणारा फवारा पाठीवरच्या पिशवीत न ठेवता कमरेला लावावा, कारण पिशवी उघडायला वेळ मिळत नाही.

वसंत: खाली येणारे स्मोल्ट

मध्यम आणि मोठ्या नद्यांत स्मोल्ट पकडण्यासाठी फिरत्या शंकूचा सापळा वापरतात. दोन तराफ्यांमध्ये जाळीचा एक मोठा शंकू बसवलेला असतो; त्याचे तोंड प्रवाहाकडे, आत मळसूत्री पाते. पाण्याच्या जोराने शंकू फिरतो, आत शिरलेले पिल्लू पुन्हा बाहेर पडू शकत नाही आणि मागच्या पेटीत जाऊन पडते. सापळा मुख्य धारेत, डोहात शिरणाऱ्या वेगवान पाण्याच्या मुखाशी बांधावा. शंकू मिनिटाला किती फेरे घेतो हे प्रत्येक भेटीत मोजून लिहावे, कारण काटक्या अडकून फेरे कमी झाले की पकड घटते आणि कागदावर मात्र मासे घटल्यासारखे दिसते.

स्मोल्ट मुख्यतः रात्री सरकतात, आणि पाणी तापू लागले किंवा पावसाने नदी चढली की एकदम मोठ्या संख्येने निघतात. म्हणजे सापळ्याची सर्वाधिक गरज असते नेमकी तेव्हाच पाण्याबरोबर ओंडके वाहून येत असतात. पेटी रोज सकाळी रिकामी करावीच, पण पाणी चढत असेल तर रात्रीही दर काही तासांनी पाहावी. आणि पूर धोकादायक झाला तर शंकू वर उचलून, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत सापळा बंद होता हे लिहावे. त्या बंद तासांतील मासे नंतर शेजारच्या रात्रींवरून अंदाजावे लागतात. पेटीत सॅमनच्याच कुळातले मोठे ट्राउट मासेही येतात आणि रात्रभरात स्मोल्टवर ताव मारतात. म्हणून पेटीत छिद्रांचा आडपडदा किंवा पानांच्या फांद्या ठेवून लहानांना आडोसा द्यावा.

सापळा नदीतल्या सगळ्या स्मोल्टपैकी थोडेच पकडतो. किती पकडतो हे शोधण्यासाठी पकडलेल्यांपैकी काहींवर खूण करून, म्हणजे परांचे टोक किंचित कापून किंवा बिस्मार्क ब्राउनसारख्या रंगात बुडवून, त्यांना सापळ्याच्या बरेच वर नेऊन संध्याकाळी सोडतात आणि पुन्हा किती सापडतात ते पाहतात. समजा, २०० खुणेचे स्मोल्ट सोडले, त्यांतले २४ परत सापडले आणि त्याच काळात बिनखुणेचे ९३० मिळाले. ढोबळ हिशेबाने पकड १२ टक्के, म्हणून एकूण ७७५० स्मोल्ट गेले असावेत. परत सापडलेल्यांची संख्या लहान असली की हा हिशेब जरा फुगतो. त्यामुळे सोडलेल्यांत आणि सापडलेल्यांत एक-एक मिळवून, ९३० ला २०१ ने गुणून २५ ने भागावे, म्हणजे ७४७७ येतात.

आता तीच रात्र वेगळी घडली असे समजा: खुणेचे मासे उथळ कडेला दाटीवाटीने सोडले गेले, बगळ्यांनी त्यांतले बरेच टिपले आणि २४ ऐवजी १२ च परत आले. उत्तर १४,३७९ येते. नदीत एकही स्मोल्ट वाढलेला नसताना आकडा जवळपास दुप्पट झाला. म्हणून खुणेच्या माशांतले काही चोवीस तास जाळीच्या पेटीत राखून त्यांत किती मरतात आणि किती खुणा पुसल्या जातात ते तपासावे, सोडण्याची जागा सापळ्यापासून निदान दोन खळाळ तरी वर असावी, आणि ही चाचणी हंगामात एकदाच करून समाधान मानू नये. पाण्याची पातळी बदलली की पकड बदलते. प्रत्येक पातळीसाठी वेगळी चाचणी हवी.

मासा हातात असताना

मासा पाण्याबाहेर जितका कमी वेळ राहील तितके चांगले, आणि त्यासाठी टेबलावरची मांडणी आधी करावी. डावीकडे गुंगीच्या औषधाची बादली, समोर ओल्या पन्हळीत बसवलेली मोजपट्टी, उजवीकडे वाहत्या पाण्याची शुद्धीवर येण्याची टाकी. नोंदणारा माणूस समोरच्या बाजूला, म्हणजे सांगितलेला आकडा तो मोठ्याने परत म्हणू शकेल. गुंगीसाठी ट्रायकेन किंवा लवंगतेलातील युजेनॉल वापरतात. ट्रायकेनमुळे पाणी आम्लधर्मी होते, म्हणून मऊ पाण्यात त्याबरोबर खाण्याचा सोडा घालावा लागतो. ट्रायकेन दिलेला मासा २१ दिवस खाण्यात येऊ नये असा अमेरिकेतील दंडक आहे. मासेमारी चालू असलेल्या नदीत प्रौढ माशांना ते देणे म्हणूनच टाळतात.

हात ओले करून मासा उचलावा. पिल्लू आडवे पडून कल्ल्यांची हालचाल मंद पण नियमित राहिली की ते तयार झाले. कल्ले थांबू लागले तर मोजमाप सोडून त्याला आधी ताज्या पाण्यात घालावे. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेच्या मध्यापर्यंत मोजतात, शेपटीच्या टोकापर्यंत नव्हे.

खवल्यांचा नमुना डाव्या बाजूने घ्यावा. पाठीच्या पराच्या मागच्या मुळापासून गुदपराच्या पुढच्या मुळाकडे एक तिरपी रेघ कल्पावी, आणि ती रेघ अंगाच्या मध्यरेषेला मिळण्यापूर्वी, मध्यरेषेच्या दोन-तीन ओळी वर, बोथट सुरीने आधी वरची चिकट साय पुसून मग चार-सहा खवले हलकेच खरवडून घ्यावेत. पिल्लाच्या अंगावर पहिले खवले याच भागात येतात, म्हणून त्यांत वयाची नोंद सर्वांत पूर्ण असते: वाढीच्या काळातली वलये विरळ आणि हिवाळ्यातली दाट, झाडाच्या खोडासारखी. चार-सहा घेण्याचे कारण असे, की एखादा खवला पूर्वी कधी गळून नव्याने आलेला असेल तर त्याच्या मधोमध कोरा डाग दिसतो आणि पहिली वर्षे वाचताच येत नाहीत. स्मोल्टचे खवले इतके सैल असतात की ते बोटांनाच चिकटतात. एका माशाचे खवले दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ नयेत म्हणून प्रत्येक माशानंतर सुरी आणि बोटे पुसावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि चाळिसाव्या माशापाशी हमखास टाळले जाते.

पिट टॅग म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, बॅटरी नसलेली काचेची कुपी; तिच्यातला क्रमांक वाचकयंत्राजवळून जाताना उमटतो. १२ मिलिमीटरचा टॅग साधारण ६५ मिलिमीटरपेक्षा लहान पिल्लांत घालू नये.

उन्हाळा: नदीत राहिलेली पिल्ले

उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उथळ खळाळांत इलेक्ट्रोफिशिंग करतात. पाण्यात नियंत्रित विद्युतप्रवाह सोडला की पिल्ले काही क्षण धनाग्राकडे ओढली जाऊन सुन्न होतात आणि हातजाळीत घेता येतात. हे साधन प्रशिक्षणाशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये. पथकात निदान तिघे असावेत, सर्वांचे हातमोजे रबरी असावेत, हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने या कामापासून दूर राहावे, आणि धनाग्र चालू असताना उघड्या हाताने पाण्याला स्पर्श करू नये, मग जाळी निसटली तरी चालेल. अमेरिकेच्या सागरी मत्स्यसेवेने २००० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाण्याचे तापमान १८ अंश सेल्सियसच्या वर असेल किंवा जाण्याची शक्यता असेल तर हे काम करू नये. उन्हाळ्यात याचा व्यवहारातला अर्थ असा, की पहाटे सुरू करून दुपारपूर्वी आटोपावे. पाण्याची विद्युतवाहकता मोजूनच व्होल्टेज ठरवावे, सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करावी, आणि माशाच्या अंगावर गडद चट्टे दिसले तर मात्रा जास्त झाली असे समजून थांबावे. प्रौढ सॅमन दिसला तर यंत्र लगेच बंद करावे. मोठ्या माशाच्या कण्याला इजा होण्याचा धोका जास्त असतो.

ठरलेल्या भागाच्या वर आणि खाली जाळी लावून तो बंदिस्त करावा आणि खालच्या अंगाकडून वर चालत यावे, म्हणजे उडालेला गाळ मागे वाहून जातो. पहिल्या फेरीतले मासे वेगळ्या बादलीत ठेवून तितक्याच वेळेची आणि तितक्याच मेहनतीची दुसरी फेरी करावी. समजा, पहिल्या फेरीत ६२ आणि दुसऱ्या फेरीत २७ पिल्ले मिळाली. पहिल्या संख्येचा वर्ग, ३८४४, याला दोन्ही फेऱ्यांतील फरकाने, म्हणजे ३५ ने भागले की सुमारे ११० हा अंदाज मिळतो. तिसऱ्या फेरीत ११ मिळाली तर हाती आलेली १०० झाली आणि अंदाज पटण्याजोगा वाटतो. परंतु दुसऱ्या फेरीत ५८ मिळाली असती तर हेच सूत्र ९६१ सांगते, आणि तो आकडा कोणत्याही अहवालात जाण्याच्या लायकीचा नाही: पहिली फेरी निष्काळजीपणे झाली किंवा जाळीखालून नवे मासे आत आले, एवढाच त्याचा अर्थ. एका उन्हाळ्यात आमच्या पथकाची खालची जाळी एका मोठ्या गोट्यापाशी हातभर उचललेली राहिली होती आणि ती चूक नेमकी अशाच एका विचित्र उत्तरावरून ध्यानात आली.

त्या वर्षीची पिल्ले आणि एक वर्षावरची पिल्ले यांचा हिशेब वेगळा करावा, कारण लहान पिल्ले खडीत लपतात आणि कमी पकडली जातात. क्षेत्रफळासाठी ओल्या पात्राची रुंदी अनेक ठिकाणी मोजावी. ४० मीटर लांब आणि सरासरी ५.५ मीटर रुंद भागात ११० पिल्ले म्हणजे दर १०० चौरस मीटरला ५०.

अटलांटिक सॅमनचे पिल्लू आणि तपकिरी ट्राउटचे पिल्लू यांत नवखे हमखास फसतात. दोघांच्याही अंगावर बोटांच्या ठशांसारखे पट्टे असतात. सॅमनच्या छातीचे पर मोठे असतात, शेपटीची खाच खोल असते आणि वरचा जबडा डोळ्याच्या मध्याच्या फारसा मागे जात नाही. ट्राउटच्या शेपटीजवळच्या छोट्या मांसल परावर नारिंगी झाक असते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक संशयास्पद माशाचा एका बाजूने फोटो घ्यावा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ओळख तपासावी.

वर चढणारे प्रौढ

स्वच्छ पाण्याच्या नद्यांत सर्वांत जुनी आणि अजूनही विश्वासार्ह असलेली पद्धत म्हणजे मचाणावर बसून मोजणे. ब्रिस्टल बेमधील क्विचॅक आणि वुड यांसारख्या नद्यांवर १९५० च्या दशकापासून मचाणे आहेत: दर तासाला दहा मिनिटे एका काठावर मोजायचे, मग दुसऱ्या काठावर, आणि आलेल्या आकड्याला सहाने गुणायचे. सॉकाय काठाला लागून रांगेने चढतात म्हणून ही युक्ती चालते. तळाशी फिकट रंगाचे पट्टे टाकले की वरून जाणाऱ्या माशांची सावली उठून दिसते. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लागतोच. खाली परतणारे मासे वेगळे मोजून वजा करावेत, आणि वाऱ्याने पृष्ठभाग चुरगळला असेल तर त्या दहा मिनिटांपुढे तसे लिहावे. दहा मिनिटे संपल्यावर मोठा थवा आला तरी तो मोजणीत घेऊ नये. मनाला हे फार जड जाते, पण घेतला तर सहाने गुणण्याचा आधारच निघून जातो.

धरणांवरच्या मत्स्यजिन्यांत, म्हणजे माशांना धरण चढून जाता यावे म्हणून केलेल्या पायऱ्यांच्या पाणवाटांत, खिडकीतून मोजता येते. अमेरिकेतील कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणात १९३८ पासून ही मोजणी सुरू आहे. लहान नद्यांत अरुंद मार्ग करून विद्युतरोध मोजणारे गणकयंत्र बसवतात. माशाचे शरीर गोड्या पाण्यापेक्षा विजेचे चांगले वाहक असते, त्यामुळे तो विद्युताग्रांवरून गेला की रोध बदलतो आणि यंत्र दिशेसह नोंद करते. पाणमांजर गेले तरी नोंद होऊ शकते. सोबत कॅमेरा ठेवून नोंदींचा काही भाग डोळ्यांनी पडताळावा.

गढूळ किंवा रुंद नदीत सोनारला, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून मासे दाखवणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील क्लॅमथ नदीवरील चार धरणे हटवण्याचे काम पूर्ण झाले, आणि त्याच शरदात आयर्न गेट धरणाच्या जुन्या जागेजवळ सोनार लावून वर जाणारे मासे मोजले गेले. सोनारच्या पडद्यावर माशाचा आकार, लांबी आणि शेपटीची लय दिसते. जात दिसत नाही. एकाच लांबीच्या दोन जाती एकाच आठवड्यात चढत असतील तर जवळच चाचणीचे जाळे टाकून त्यांचे प्रमाण काढावे लागते आणि सोनारचा एकूण आकडा त्या प्रमाणात वाटावा लागतो.

पॅसिफिक जाती हातात घेऊन ओळखताना तोंड उघडून पाहावे: चिनूकच्या हिरड्या काळ्या, कोहोच्या दातांच्या मुळाशी पांढरी रेघ. चिनूकच्या शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके असतात, कोहोच्या बहुधा फक्त वरच्या पाळीवर. पिंकच्या शेपटीवर मोठे लंबगोल काळे डाग असतात. अटलांटिक नद्यांत, विशेषतः नॉर्वे आणि स्कॉटलंडमध्ये, २०१७ पासून विषम वर्षांत पिंक सॅमन मोठ्या संख्येने शिरू लागल्यापासून ही खूण तिथल्या पथकांनाही पाठ असावी लागते.

शरद: घरटी आणि मृत मासे

मादी एका कुशीवर वळून शेपटीचे फटके मारते, खडी उडते, खड्ड्यात अंडी पडतात, नर त्यांवर वीर्य सोडतो, आणि मादी थोडी वर सरकून नवा खड्डा खणते तेव्हा त्यातली खडी मागच्या अंड्यांवर पडते. त्यामुळे पूर्ण झालेल्या घरट्याला विशिष्ट आकार असतो: वरच्या अंगाला बशीसारखा खोलगट भाग, आणि त्याला लागूनच खालच्या अंगाला सैल खडीचा लांबट उंचवटा. आजूबाजूचे गोटे शेवाळाने तपकिरी झालेले असतात आणि घरट्यातले नुकतेच धुतल्यासारखे फिकट. डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होऊन खळाळात उतरण्याआधी खडीत झिरपते, तिथे आधी शोधावे. पुराने खरवडलेली जागाही फिकट दिसते, पण तिला उंचवटा नसतो. नुसता खड्डा असेल आणि मागे खडीचा ढीग नसेल तर ती मादीने करून पाहिलेली चाचणी असते. ती वेगळ्या रकान्यात लिहावी.

सूर्य पाठीशी राहील अशा वेळी, पोलराइज्ड चष्मा लावून, काठाने चालावे. घरट्यावर पाय पडू देऊ नये; ओलांडायचेच असेल तर मोठ्या गोट्यांवरून किंवा गाळावरून ओलांडावे. प्रत्येक घरट्याला क्रमांक, जीपीएस स्थान आणि काठावरच्या फांदीला तारखेची फीत हवी, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेच घरटे पुन्हा मोजले जात नाही. काही आठवड्यांत शेवाळ परत चढते आणि जुने घरटे नाहीसे होते. दाट वस्तीच्या खळाळात घरट्यावर घरटे होते; तिथे एकाच भागावर दोघांनी एकमेकांना न सांगता मोजावे आणि दोन्ही आकडे ठेवावेत. त्या दोन आकड्यांतले अंतर बहुतेक वेळा नवख्यांना धक्का देते.

पॅसिफिकच्या चिनूक, कोहो, सॉकाय, पिंक आणि चम या जाती अंडी घातल्यावर मरतात, त्यामुळे मेलेल्या माशांची मोजणीही उपयोगाची ठरते. मृत मासा मोजून झाला की कोयत्याने त्याचे शेपटाकडे दोन तुकडे करावेत. पुढच्या फेरीत तो पुन्हा मोजला जाऊ नये यासाठी याहून पक्की खूण नाही. मादीचे पोट चिरून गाभोळी किती शिल्लक आहे ते पाहावे. पोट भरलेले असेल तर ती अंडी न घालताच मेली, आणि गरम पाण्याच्या वर्षांत हीच नोंद सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो मासा बहुधा पैदासकेंद्रातला असतो आणि त्याच्या नाकाच्या कूर्चेत सुमारे एक मिलिमीटरची सांकेतिक तार, म्हणजे तो मासा कुठला हे सांगणारी खूण, असू शकते. डोके कापून क्रमांकासह पिशवीत घ्यावे. नदीत आलेल्या माशांच्या खवल्यांच्या कडा शरीराने शोषलेल्या असतात, म्हणून वयासाठी कानातला खडा, म्हणजे ओटोलिथ, काढावा.

जिवंत मासे दर आठवड्याला मोजत असाल तर नुसती बेरीज करू नये, कारण एकच मासा दोन भेटींत दिसू शकतो. समजा, सात-सात दिवसांच्या अंतराने ०, १२०, ३००, १८० आणि ० मासे दिसले. प्रत्येक दोन भेटींची सरासरी काढून सातने गुणली आणि मिळवली तर ४२०० मासा-दिवस होतात (एक मासा एक दिवस थांबला की एक मासा-दिवस). एक मासा त्या भागात सरासरी १२ दिवस राहत असेल तर ३५० मासे आले. आणि पाहणाऱ्याला दहातले आठच दिसतात असे चाचणीत ठरले असेल तर सुमारे ४३८. मुक्काम १२ ऐवजी १० दिवस धरला तर हाच आकडा ५२५ होतो. मुक्कामाचे दिवस दुसऱ्या नदीच्या अहवालातून उचलू नयेत. काही माशांना बाहेरून दिसेल असा टॅग लावून आपल्याच नदीत ते मोजावेत.

नोंदी आणि आवराआवर

पत्रकात शून्य आणि रिकामी जागा यांचा अर्थ कायमचा ठरवून घ्यावा. शून्य म्हणजे पाहिले आणि मासा नव्हता. पाहिलेच नसेल तर तसे शब्दांत कारणासह लिहावे. एका हंगामात आमच्याकडे दोन्हींसाठी एकच आडवी रेघ मारली गेली आणि त्या पंधरवड्यात मासे नव्हते की माणसे नव्हती, हे हिवाळ्यात कोणालाच सांगता आले नाही. आकड्याबरोबर पाण्याचे तापमान, पट्टीवरची पातळी, किती खोलपर्यंत तळ दिसतो, ढग, पाहणाऱ्याचे नाव, सुरुवातीची आणि शेवटची वेळ हे सर्व हवे. वेळ संपूर्ण हंगामभर एकाच प्रमाणात लिहावी; घड्याळे मध्येच तासभर मागेपुढे होणाऱ्या देशांत रात्रीच्या नोंदी यामुळे हमखास घसरतात. जलरोधक कागदावर शिसपेन्सिलीने लिहावे, चूक खोडून न काढता एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा, आणि रोज रात्री सगळ्या पानांचे फोटो काढावेत.

पद्धत बदलायची वेळ आली, उदाहरणार्थ मचाणाऐवजी सोनार लावायचा ठरला, तर निदान दोन-तीन हंगाम जुनी आणि नवी मोजणी शेजारी-शेजारी चालवावी. खर्च दुप्पट होतो, हे खरे. पण तसे न केल्यास बदलाच्या वर्षी आकड्यात पडलेली उडी माशांची की यंत्राची, हे पुढे कधीच ठरवता येत नाही.

हंगाम संपताना खवल्यांची पाकिटे उघडी ठेवून पूर्ण वाळवावीत, नाहीतर बुरशी धरते. पराच्या तुकड्यांच्या कुप्यांतील इथेनॉल पुन्हा भरावे. खडीत पुरलेली तापमान-नोंदयंत्रे काढून आकडे उतरवावेत आणि नवी बॅटरी घालून तिथेच परत पुरावीत, कारण अंडी हिवाळाभर खडीत असतात आणि पिल्ले केव्हा बाहेर येतील हे त्या थंडीवरच ठरते. पूर येऊन फीत, खुंटी आणि फांदी तिन्ही जाऊ शकतात. म्हणून सापळ्याच्या, जाळीच्या आणि नोंदयंत्राच्या प्रत्येक जागेचे अंतर काठावरच्या तीन न हलणाऱ्या खुणांपासून टेपने मोजावे, फोटोसह नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि या वर्षी नदीवर न आलेल्या एखाद्या सहकाऱ्याला तेवढ्याच वर्णनावरून ती जागा शोधायला लावावी.